मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या रात्री: नस सुधारेपर्यंत झोप कशी सांभाळायची

कमरेतली गादी सरकून नस दबलेली. मिरजेला, कराडला नाहीतर पुण्याला ऑपरेशन झालं, चार दिवसांत डिस्चार्ज मिळाला आणि पेशंट तासगाव, जत, पाटण, दहिवडी असा जिथला तिथे घरी आला. इथपर्यंतचं सगळं डॉक्टरांच्या हातात असतं. पुढच्या रात्री मात्र घरच्यांनाच निभवाव्या लागतात. पायात मुंग्या, तळव्याची आग, मध्येच करंट बसावा तशी चमक, कूस बदलायची धास्ती, आणि सगळं घर झोपलेलं असताना पेशंट टक्क जागा. सकाळी बघायला आलेला पाहुणा हमखास विचारतो, 'ऑपरेशन फेल गेलं का काय?' बहुतेक वेळा तसं काही नसतं. दबाव काढणं हे ऑपरेशनचं काम. नस भरून येणं हे शरीराचं काम, आणि त्याला महिने लागतात.

हा लेख मुख्यतः कमरेच्या ऑपरेशनबद्दल आहे: गादीचा तुकडा काढणं, नसेला जागा करून देणं, स्क्रू-रॉड टाकून मणके जोडणं. मानेच्या ऑपरेशनचं थोडं वेगळं, ते मध्ये येईल. डिस्चार्ज कार्डावर सर्जननी काही वेगळं लिहिलं असेल तर त्यांचंच ऐकायचं. आत काय केलंय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

सकाळची वाट बघायची नाही अशा गोष्टी

लघवीची भावना आहे पण होत नाही, किंवा सहा-आठ तास झालीच नाही. नकळत लघवी किंवा शौच झालं. बसायच्या जागी आणि जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला. पायातली ताकद नव्याने कमी झाली, काल उचलत होतं ते पाऊल आज लटकतंय. यातलं एक जरी दिसलं तरी रात्री दोन वाजताही निघायचं. १०८ ला फोन करा, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना कळवा आणि एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा. शेपटाकडच्या नसांच्या जुडग्यावर दाब आला असेल तर तासांचा हिशोब असतो. दुखण्यासाठी दिलेल्या ट्रामाडॉल किंवा अमिट्रिप्टिलीन या गोळ्यांनीही लघवी अडू शकते हे खरं, पण गोळीने अडली की दाबाने, हे घरी ठरवत बसू नका.

ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, जखमेतून पू किंवा वाढती लाली, जखमेवरची पट्टी पाण्यासारख्या स्रावाने भिजणं आणि त्याच्या जोडीला उठून बसल्यावर चढणारी, आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी: त्याच दिवशी दाखवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर रक्ताची गाठ असू शकते. त्यात अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी.

नस भरून येते म्हणजे नेमकं काय होतं

'नस रोज एक मिलिमीटर वाढते' हे वाक्य प्रत्येक पेशंटच्या कानावर पडतं, आणि मोबाइलवर हिशोब करून तो हबकतो. कमरेपासून नडगीच्या स्नायूपर्यंत सत्तर-ऐंशी सेंटिमीटर. रोज एक मिलिमीटर म्हणजे दोन वर्षं. आणि नसेचा संबंध तुटलेला स्नायू साधारण बारा ते अठरा महिनेच तग धरतो. मग पाऊल कधी उचलणारच नाही का?

हिशोब बरोबर आहे, पण तो फक्त तुटलेल्या तंतूला लागू पडतो. दबलेल्या नसेत तीन वेगवेगळ्या दुरुस्त्या एकाच वेळी चालतात. काही तंतूंचं फक्त वरचं आवरण खराब झालेलं असतं. वायरचं इन्सुलेशन गेलंय पण आतली तार शाबूत आहे, तसं. ते आवरण काही आठवड्यांत ते साधारण तीन महिन्यांत परत येतं. दुसरं म्हणजे जे तंतू जिवंत राहिले, ते स्नायूच्या आतच नव्या फांद्या फोडून शेजारच्या ओस पडलेल्या स्नायूपेशींचा ताबा घेतात. हे दोन ते सहा महिन्यांत दिसतं. तिसरी दुरुस्ती ती मिलिमीटरवाली, सगळ्यात संथ. बहुतेकांना परत मिळणारी ताकद पहिल्या दोन मार्गांनी येते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत स्नायू हलता ठेवणं आणि सांधा आखडू न देणं याला एवढी किंमत आहे.

सुधारण्याचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. पायात उतरणारी तीव्र कळ आधी जाते, बऱ्याच जणांची शुद्धीवर येतानाच. त्यानंतर ताकद. बधिरपणा सगळ्यात शेवटी, आणि अंगठ्याजवळचा किंवा पावलाच्या कडेचा एखादा पट्टा कायमचाही राहू शकतो. तो राहिला म्हणून ऑपरेशन बिघडलं असं होत नाही. नस किती दिवस दबलेली होती, वय, मधुमेह आणि तंबाखू यांवर बरंच अवलंबून असतं.

मधल्या एका वळणावर घरच्यांचा धीर सुटतो, ते आधीच माहीत असलेलं बरं. ऑपरेशनच्या वेळी अनेकदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड देतात. त्याने पहिले दोन दिवस पाय एकदम हलका वाटतो (आणि झोप उडते, साखर वाढते). असर उतरला की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नसेभोवतीची सूज बोलायला लागते आणि जुनी कळ थोडी परत येते. ती हळूहळू ओसरत असेल तर घाबरायचं कारण नाही. दिवसागणिक चढतच असेल तर दाखवा.

आणि रोज मोजमाप घेऊ नका. नसेचं दुखणं दिवसाला वर-खाली होतं, त्यातून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तीन गोष्टी वहीत लिहा: पायाचा अंगठा वर किती उचलतो, आधाराला धरून चवड्यावर उभं राहता येतं का, बधिर भागाची हद्द कुठपर्यंत आहे. ती हद्द पेनाने पायावर आखून फोटो काढून ठेवला तर महिन्याभराने फरक दिसतो. मानेचं ऑपरेशन असेल तर पाहायचं वेगळं: शर्टाचं बटण लावता येतं का, हाताची पकड, खांदा वर जातो का.

जाग किती वाजता येते ते लिहा

झोप नाही म्हटलं की घरात पहिला विषय झोपेच्या गोळीचा निघतो. त्याआधी पाच रात्री फक्त वेळ टिपा: आडवं कधी झालो, झोप कधी लागली असावी, जाग कधी आली आणि जाग आली तेव्हा पहिलं काय जाणवलं. घड्याळाकडे सारखं बघायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहिलं तरी चालतं. जागेच्या वेळेवरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा आहे.

रात्री एकपर्यंत डोळाच लागत नसेल तर दिवसाकडे बघा. दुपारी दोन-अडीच तास झोप झालेली असते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चहा झालेला असतो, आणि चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग सरासरी पाच तासांनीही अंगात शिल्लक असतो. दुपारी तीननंतर चहा नको. पाहुण्याला द्या, पेशंटला ताक द्या. आपल्याकडे आणखी एक कारण हमखास निसटतं ते मिशरी आणि तंबाखू. घरातल्या मोठ्या बायका झोपण्यापूर्वी मिशरी लावतात, आणि निकोटीन मेंदूला जागं करणारं आहे. डॉक्टरांनी 'सिगारेट ओढता का' विचारलं की उत्तर 'नाही' येतं आणि विषय मिटतो. मणके जोडण्याचं ऑपरेशन असेल तर निकोटीनने हाड जुळायलाही अडथळा येतो, त्यामुळे हा प्रश्न फक्त झोपेपुरता नाही. उशिरा डोळा लागण्यामागे गोळीही असू शकते. नसेच्या दुखण्यासाठी दिलेल्या ड्युलोक्सेटिनने काहींची झोप जाते. ती सकाळी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

दोन-तीनच्या सुमाराला जाग येत असेल तर बहुतेक वेळा दुखण्याच्या गोळीचा असर संपलेला असतो. रात्री आठला घेतलेली पॅरासिटामॉल मध्यरात्रीनंतर काय पुरणार? लघवीसाठी उठावं लागणं आणि झोपेत नकळत वळल्यावर चमक येणं ही याच वेळची दुसरी दोन कारणं. कोणतं कारण आहे ते 'पहिलं काय जाणवलं' या रकान्यात सापडतं.

चार-साडेचारला जाग येऊन परत झोप लागत नसेल तर आधी बघा, माणूस रात्री साडेआठलाच आडवा होतोय का. तसं असेल तर झोप पुरी झालीय, वेळ चुकलीय. पण वेळ बरोबर असूनही रोज पहाटे जाग, जेवणावरची वासना गेलेली, कशातच रस नाही, 'आता माझ्याकडून शेत होणार नाही' हेच घोकणं, असं दोन आठवडे चाललं असेल तर हे दुखणं मनाकडे गेलंय. त्याला वेगळा उपचार आहे. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणखी एक प्रकार: पाय दुखत नाहीत, पण रात्री आडवं झालं की हलवल्याशिवाय राहवत नाही, चाललं की बरं वाटतं. ही पायांची अस्वस्थता. शरीरातलं लोह कमी असलं की ती वाढते. नुसतं हिमोग्लोबिन न बघता फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

अंथरूण आणि कूस

जमिनीवर गादी टाकून झोपणं ही आपली सवय, पण पहिले सहा आठवडे नको. जमिनीवरून उठताना कंबर दुमडतेच. पलंगाची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर गुडघे काटकोनात आणि पावलं जमिनीवर टेकलेली. बुटका असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे द्या. सुंभाची किंवा नवारीची बाज मधे झोळ खाते, ती बाजूला ठेवा. नुसती फळीही नको. फळीवर पिंजलेल्या कापसाची चार इंचांची घट्ट गादी बहुतेकांना मानवते.

उताणं झोपताना गुडघ्यांखाली जाड उशी किंवा घडी घातलेली वाकळ. त्याने नसेवरचा ताण कमी होतो. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघे थोडे वाकवून मधे उशी, आणि ती घोट्यापर्यंत पुरली पाहिजे. गुडघ्यांतच उशी आणि पाऊल खाली लोंबकळलं की कंबर पिळते. पाठीमागे लोड लावला की झोपेत उलथं व्हायची भीती राहत नाही. पालथं झोपू नका. मानेच्या ऑपरेशननंतर उशी एवढीच की नाक सरळ छताकडे राहील, हनुवटी छातीकडे नाही. कॉलर झोपताना ठेवायचा की काढायचा हे कार्डावर बघा.

कूस बदलणं दिवसा, जागेपणी, घरच्यासमोर दहा वेळा करून घ्या म्हणजे रात्री धास्ती राहत नाही. दोन्ही गुडघे एकेक करून वाकवा. हात छातीवर. पोट हलकं आत घ्या, श्वास रोखू नका. खांदा, कंबर आणि गुडघे एकाच क्षणी वळले पाहिजेत. चूक होते ती इथे: आधी खांदा वळतो, कंबर मागून येते आणि मधे पीळ बसतो. उठताना कुशीवरूनच पलंगाच्या कडेला या, दोन्ही पाय खाली सोडा आणि त्याच क्षणी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबत धड उचला. बसल्यावर लगेच उभं राहू नका, अर्धा-एक मिनिट थांबा. या गोळ्यांनी चक्कर येते आणि रात्रीची पडझड याच अर्ध्या मिनिटात होते. घरच्यांनी काखेत हात घालून ओढायचं नाही.

पलंग ते संडास ही वाट रात्रीसाठी तयार ठेवा. मंद दिवा, मोकळी वाट, पायपुसणं उचललेलं. शहाबादी फरशीवर बाथरूममधून आलेलं पाणी दिसत नाही आणि बधिर तळव्याला कळतही नाही. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, काही ठिकाणी भाड्यानेही. संडास परसात असेल तर रात्रीपुरतं युरिन पॉट वापरा, त्यात लाजायचं काही नाही. पाणी दिवसभर भरपूर प्या, झोपायच्या दोन तास आधी हात आखडता घ्या.

गोळ्या: कोणती कधी, आणि घोळ कुठे होतो

डोस डॉक्टरच ठरवणार. पण त्याच डोसची वेळ नीट लावली तर रात्र सुधारू शकते, आणि ही गोष्ट गर्दीच्या ओपीडीत बोलायची राहून जाते.

नसेच्या जळजळीसाठी बहुतेक पर्चीवर प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असतं. प्रीगाबालिन जेवल्यावर घेतलं तर रक्तात पूर्ण चढायला साधारण तीन तास लागतात. झोपताना दहा वाजता घेतली तर असर एक वाजता, आणि सकाळी नऊपर्यंत गुंगी. तीच आठला, जेवणानंतर घेतली तर अकरापर्यंत काम सुरू होतं. ही वेळ डॉक्टरांना विचारून बदला. ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध गाबापेंटिनबरोबर घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. नाहीतर गोळी पोटात पुरती शोषलीच जात नाही. किडनीचा त्रास असेल तर दोन्हींचा डोस कमी लागतो, आधी सांगा. पायावर सूज आणि चक्कर हे नेहमीचे दुष्परिणाम. बरं वाटलं म्हणून एका दिवसात बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. त्याने झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो आणि लोकांना वाटतं नस परत दबली. किमान आठवडाभरात, टप्प्याटप्प्याने, विचारून सोडायची.

पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला चार: २६०० मिलिग्रॅम. ते बहुतेक प्रौढांना चालतं. वजन फार कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. घोळ होतो तो जोडगोळ्यांमुळे. ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ॲसिक्लोफेनॅकच्या गोळीतही असतं. प्रीगाबालिनही कधी मिथाइलकोबालमिनबरोबर (हे बी-१२ जीवनसत्त्व), कधी नॉरट्रिप्टिलीनबरोबर एकाच गोळीत येतं. गावातल्या डॉक्टरांची पर्ची आणि हॉस्पिटलची पर्ची एकत्र झाली की एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. सगळ्या स्ट्रिप टेबलावर मांडून मागची बारीक अक्षरं वाचून घ्या, नाहीतर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या.

रात्री दोनची जाग दुखण्यानेच येत असेल तर रात्रीचा डोस झोपण्याच्या अगदी आधी, दहा-साडेदहाला येईल अशा बेताने दिवसाच्या वेळा सरकवा. पहिल्या आठवड्यात मध्यरात्रीची गोळी पाण्याच्या तांब्याबरोबर उशाशी ठेवली आणि जाग आल्यावर घेतली तरी चालतं, चोवीस तासांचा हिशोब चुकला नाही म्हणजे झालं. वहीत तशी खूण करा. अर्धवट झोपेत घेतलेली गोळी सकाळी आठवत नाही.

ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन ही दोन्ही गुंगी आणणारी. त्यात शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी किंवा संध्याकाळची 'थोडीशी' दारू पडली की श्वास मंदावतो. जोरात घोरणाऱ्या, घोरता घोरता श्वास अडकणाऱ्या माणसात हे जिवावर बेतू शकतं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशी झोपेची गोळी मोजक्या दिवसांसाठी डॉक्टरांनी दिली तर ठीक. महिना झाला की तिच्याशिवाय डोळा लागत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो तो वेगळाच. अमिट्रिप्टिलीनची छोटी मात्रा (बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात) नसेचं दुखणं आणि झोप दोन्हीला उपयोगी पडते, पण प्रोस्टेट वाढलेली, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ते आधी सांगा.

दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं, टाक्यांवर ताण येतो आणि रात्र त्यातच जाते. तिसऱ्या दिवसाची वाट न बघता पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोजसारखं औषध मागून घ्या. इसबगोल घेतलंत तर मोठा ग्लासभर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात ते आतच बसतं.

बी-१२ बद्दल. मिथाइलकोबालमिन जवळपास प्रत्येक पर्चीवर असतं. ते खरं उपयोगी पडतं ते मुळात कमतरता असेल तेव्हा. माळकरी घर असेल, किंवा वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर रक्तातली पातळी जरूर तपासा. कमी निघाली तर इंजेक्शनचा कोर्स घ्या. पातळी चांगली असेल तर त्या गोळीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

जळणारा पाय, बधिर पाय

रात्री चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नसेल तर पायथ्याशी चौरंग किंवा मजबूत खोका उलटा ठेवून चादर त्यावरून घ्या, पाय खाली मोकळे राहतील. दिवसा त्याच जागेला स्पर्शाची सवय लावायची: पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सुरुवात कापसाने, चार-पाच दिवसांनी जुन्या धोतराचं मऊ कापड, मग टर्किश टॉवेल, शेवटी परातीत तांदूळ घेऊन त्यात पाय फिरवणं. चांगल्या भागाकडून दुखऱ्या भागाकडे जायचं. एक पायरी त्रास न होता जमली की पुढची. टाक्यांच्या जागेवर यातलं काही करायचं नाही.

बधिर पायाला गरम पिशवी, विटेचा शेक, गरम पाण्याची बादली अजिबात नको. भाजल्याचं कळत नाही, सकाळी फोड दिसतो. मधुमेह असेल तर ती जखम महिनोन् महिने भरत नाही. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्याने. शेतात, देवळाच्या आवारात, अंगणात अनवाणी नको.

पोटरीत वांब आला तर टाच पुढे रेटून बोटं स्वतःकडे खेचा, तीस सेकंद. चोळाचोळ, जखमेवर तेल, आणि 'नस बसवून' देणाऱ्याकडे नेणं या तिन्हींपासून लांब राहा. नुकत्याच ऑपरेशन झालेल्या मणक्याला झटका देणं धोक्याचं आहे, देणाऱ्याचा हात कितीही 'चांगला' असो.

दिवस कसा घालवायचा

सर्वांत चांगला व्यायाम चालणं. घरी आल्यावर पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, सपाटीवर. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवा. सहा आठवड्यांच्या आसपास सलग वीस-तीस मिनिटं जमली तर उत्तम. चालल्यावर दुखणं थोडं वाढून तासाभरात पूर्ववत होत असेल तर प्रमाण बरोबर. रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. एका वेळी बसणं वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको. वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद: साध्या गादीच्या ऑपरेशनला साधारण सहा आठवडे, मणके जोडले असतील तर तीन महिने किंवा सर्जन म्हणतील तितके. उचलायचं ते दोन-तीन किलोपर्यंत. भरलेली कळशी, दुधाचं कॅन, वैरणीचा भारा यात बसत नाहीत.

पाऊल लटकत असेल तर घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार, दिवसा चालताना वापरायचाच. रात्रीसाठी वेगळा मऊ स्प्लिंट लागतो का ते फिजिओला विचारा. टाचेमागची शीर आखडली की उद्या ताकद परत येऊनही पाऊल वर येत नाही. टॉवेलचा फास चवड्यात अडकवून गुडघा सरळ ठेवून हलकं ओढा, तीस सेकंद, चार-पाच वेळा, दिवसातून तीनदा. अंगठा उचलायचा प्रयत्न मनापासून करा, हालला नाही तरी.

नस सरकवण्याचा व्यायाम परवानगी मिळाल्यावरच, बहुधा काही आठवड्यांनी. खुर्चीत ताठ बसा, गुडघा हळूहळू सरळ करत पावलाचा चवडा वर आणा आणि त्याच वेळी मान वर करा. पाय खाली नेताना मान खाली. दहा वेळा, दिवसातून दोनदा. शेवटच्या टोकाला थांबायचं नाही, ताण जाणवायला लागला की परत. पुढे दहा-पंधरा मिनिटं मुंग्या राहिल्या तर जास्त झालं.

तपासणीला जाताना वडापच्या जीपमधलं मागचं आडवं बाकडं आणि एसटीची शेवटची सीट टाळा. पुढची सीट थोडी मागे कलवून, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, आणि दर पाऊण तासाला उतरून पाच मिनिटं चाला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांची जी अवस्था होते ती बघता अर्धा तास आधी निघालेलं बरं.

तिसऱ्या आठवड्यापासून झोपेची घडी

पहिले दोन आठवडे झोपेला शिस्त लावायला जाऊ नका. जेव्हा लागेल तेव्हा झोपू द्या. त्यानंतर मात्र उठायची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेलेली असो. डेअरीला दूध घालायच्या वेळी घर जागं होतंच, त्याच सुमाराला उठून वीस-तीस मिनिटं ओट्यावर उजेडात थांबा, जमलं तर तिथेच चाला. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासाची, गजर लावून.

वहीत सरासरी झोप साडेपाच तास निघाली तर अंथरुणात आठ-नऊ तास पडून राहू नका. सहा तासांची चौकट ठरवा, उदाहरणार्थ साडेअकरा ते साडेपाच. आठवडाभरात त्यातले पाच तास तरी सलग भरू लागले की पंधरा-वीस मिनिटं आधी झोपायला जा, असं दर आठवड्याला वाढवा. सहा तासांच्या खाली उतरू नका. फिट्स येत असतील, मनाच्या आजाराची औषधं चालू असतील किंवा गोळ्यांनी तोल जात असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने नको.

झोप लागत नाही असं वीसेक मिनिटं वाटलं तर अंथरूण सोडा, असं सगळीकडे सांगतात. मणक्याच्या पेशंटने इथे थोडा बदल करायचा. सोफ्यात रुतून बसायचं नाही. घरातल्या घरात सावकाश फेऱ्या, किंवा हात असलेल्या ताठ खुर्चीत दहा मिनिटं, मोबाइल बाजूला, मग परत. उठायचं नसेल तर उताणं पडून चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं. अंग ताठ करून सैल सोडण्याचा व्यायाम करताना पाठ आणि पोट सोडून फक्त हात, खांदे आणि चेहरा घ्या.

डोक्यात कर्ज, सोसायटीचा हप्ता, ऊसतोडीचा नंबर फिरत असेल तर संध्याकाळी सातला, उजेडात, पंधरा मिनिटं ते कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे उद्या कोण काय करणार ते लिहा. घरातल्यांनीही रात्री अंथरुणाशी बसून हे विषय काढायचे नाहीत. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल तर मोटर चालू करायला कोण जाणार हे आधीच ठरवा. नाहीतर पेशंट लाईट येण्याची वाट बघत जागा राहतो, आणि कधी कधी स्वतःच उठून बॅटरी घेऊन चालू लागतो.

सहा आठवड्यांच्या तपासणीला वही घेऊन जा: पायावरच्या हद्दीचे फोटो, जागेच्या वेळा, गोळ्यांच्या वेळा. ताकद तीन महिन्यांतही जराही हलली नसेल तर नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी, करायची का हे तेव्हा विचारा. पाय बरा होऊन झोप मात्र तीन महिन्यांनंतरही आठवड्यातल्या तीन-चार रात्री जात असेल तर तो वेगळा आजार म्हणून दाखवायचा, मणक्याच्या खात्यावर टाकून द्यायचा नाही.